पाकपुस्तकांतून हरवलेला महिना

मराठीतील पाकपुस्तकांकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची आपल्याकडे रीत नाही. कादंबरीवर टीका होते, काव्यसंग्रहावर होते, पंचांगाच्या गणितावरूनही पंडितांत वाद रंगतात. परंतु ज्या पुस्तकाची पाने तेलाच्या व हळदीच्या डागांनी जीर्ण होईपर्यंत घरोघर उलटली जातात, त्याचे गुणदोष तपासण्याचे श्रम कोणी घेत नाही. ते काम बायकांचे, आणि म्हणून किरकोळ, अशी काहीशी समजूत या अनास्थेच्या मुळाशी असावी. आम्हांस ती मान्य नाही. एखादा समाज काय खातो, केव्हा खातो आणि कोणत्या दिवशी काय खात नाही याचे लिखित साधन म्हणून या पुस्तकांचे मोल मोठे आहे. आणि मोठे आहे म्हणूनच त्यांतील एका उणिवेविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे. या पुस्तकांत पदार्थ आहेत, प्रमाणे आहेत, कृती आहेत. महिना मात्र नाही.

परंपरा लहान नव्हे. रघुनाथ नवहस्त यांचे 'भोजनकुतूहल' सतराव्या शतकातले. ग्रंथ संस्कृत, पण जिनसांची देशी नावे त्यात डोकावतात. छापील मराठी पाकपुस्तकांचा आरंभ रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ सालच्या 'सूपशास्त्रा'पासून धरण्याचा प्रघात आहे. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' निघाले. १९४३ साली मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने 'रसचंद्रिका' मराठीतून प्रसिद्ध केली. ती पुढे इंग्रजीतही गेली, आणि घाटाखालच्या व कानडी मुलखातल्या सारस्वत स्वयंपाकाची ती आजही प्रमाण पोथी मानली जाते. १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली आणि मराठी मुलीच्या लग्नातील आहेरात तिने कायमचे स्थान मिळवले.

या शेवटच्या पुस्तकाचा मोठेपणा कशात आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. कमलाबाईंनी शेर, छटाक, तोळा बाजूस सारून वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे हाती दिली. सासूपासून दूर, शहरातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, पहिल्यांदा चुलीशी (किंवा स्टोव्हशी) उभी राहणारी मुलगी त्यामुळे निर्भय झाली. 'अंदाजाने', 'बेताचे', 'पुरेसे' हे शब्द ज्या पिढीला धमकावीत होते, त्या पिढीवरील हे उपकारच होत. तेव्हा आमच्या टीकेचा रोख या पुस्तकांनी जे साधले त्यावर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

रोख मांडणीवर आहे. भाताचे प्रकार, आमट्या व सार, फळभाज्या, पालेभाज्या, कोशिंबिरी, पक्वान्ने, लोणची ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की दुसरी काही असू शकेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. पण ही विभागणी भांड्यांची आहे, बाजाराची नव्हे. ती गृहीत धरते की, स्वयंपाक करणारीने आधी पदार्थ ठरवला आणि मग ती पिशवी घेऊन निघाली. ज्या घरात रोजचा स्वयंपाक शहाणपणाने होतो तेथे क्रम उलट असतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा पणजीच्या मार्केटच्या कडेला गोणपाट अंथरून बसलेल्या बाईपुढे आज कशाचा वांटा आहे, कशाची पेंडी आहे, ते आधी पाहावे लागते. पदार्थ नंतर ठरतो. आणि ती बाई सहसा एकट्या भाजीची विक्री करीत नाही. 'ही आंबट घालून कर', 'हिला बिया घाल', 'आजच कर, उद्या राहणार नाही' असे चार शब्द ती टोपलीतून काढून देते. छापील पुस्तकाने हे चार शब्द टिपून घेतले नाहीत, एवढाच आमचा आक्षेप. पण तो लहान नाही.

उदाहरणावाचून हे पटणार नाही. आषाढाचा पहिला पंधरवडा घ्या. मृगाचे चार पाऊस पडून गेले की गोव्यात आणि तळकोकणात रस्त्याच्या कडेने, कुंपणाच्या मुळाशी तायकिळो उगवतो. मराठीत याला टाकळा म्हणतात. याचे दिवस मोजके. पाने कोवळी आहेत तोवर ती भाजी. दोन-तीन आठवडे लोटले की पाने निबर होतात, वास उग्र होतो आणि तीच वनस्पती तण ठरते. या भाजीत पडतात त्या फणसाच्या आठळ्या. त्या वैशाखात धुऊन, लाल माती चोळून, वाळवून ठेवलेल्या असतात. वर ओले खोबरे, आणि पाणी जवळजवळ नाहीच. पाहिले तर कृती चार ओळींची. परंतु या चार ओळींत दोन ऋतूंची गाठ आहे: ज्या घराने मे महिन्यात आठळ्या राखल्या नाहीत त्या घराची आषाढातली भाजी अपुरी राहते. महिन्याने लिहिलेले पुस्तक असते तर वैशाखाच्या पानावरच त्याने बजावले असते की, आठळ्या टाकू नका, पुढे त्यांचे काम आहे. पदार्थाने लिहिलेले पुस्तक पालेभाज्यांच्या प्रकरणात 'आठळ्या असल्यास घालाव्यात' एवढे म्हणून मोकळे होते. त्या आषाढात मिळणार कोठून?

तेऱ्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. तेरे म्हणजे रानअळू. त्याच्या पानादेठांत सूक्ष्म सुयांसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला खाजवतात. म्हणून चिरताना हाताला खोबरेल किंवा चिंच चोळायची, शिजवताना आंबट घालायचे आणि अर्धवट शिजलेले पानात वाढायचे नाही. आंबट कोणते? तर त्याच दिवसांत झाडाला लागलेले आमाडे किंवा बिमले. नसतील तर साठवणीतली सोले. निसर्गाने खाज आणि उतारा एकाच टोपलीत घालून पाठवल्या, असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतो, कारण ही निसर्गाची नव्हे, टोपली भरणाऱ्या बाईची हुशारी आहे. वेळूच्या कोंबांचेही तसेच. किल्ल चिरून पाण्यात घालणे, पाणी बदलणे, पुन्हा घालणे, यात एक रात्र जाते; हे केले नाही तर कडवटपणा राहतो, आणि कच्च्या कोंबातले द्रव्य अपायकारक असते. अशा भाज्यांच्या बाबतीत कृती हा केवळ रुचीचा प्रश्न राहत नाही. ज्ञान तुटले तर भाजी ताटातून जाते, अथवा ताटात येऊन अपाय करते. तिसरी वाट नाही.

आता फागला. घाटावर करटोली म्हणतात ती. हिरव्या काट्यांचे हे लहानसे फळ श्रावणात येते, त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक मागे सरते, आणि तरी संध्याकाळपर्यंत टोपली रिकामी होते. रव्यात घोळवलेले त्याचे काप ज्याने खाल्ले त्याला कारण विचारावे लागत नाही. सात शिरांची भेंडी पावसाळ्याची, आगशेची वांगी, तांबडी भाजी, ताळगावचा नवलकोल हे पाऊस सरल्यावरचे, मांकुराद चैत्र-वैशाखाचा. मांकुरादाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले हे योग्यच झाले. पण मानांकनाच्या कागदावर प्रदेश असतो. त्या आंब्याचे सासव कोणत्या आठवड्यात करावे, हे तो कागद सांगत नाही. रायवळ, आंबटगोड, रसाळ आंबाच सासवाला लागतो आणि मांकुराद त्यात घालणे म्हणजे पैठणीचे पायपुसणे करणे होय, हे कोणी लिहून ठेवायचे?

येथे एक आक्षेप आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. पुस्तकात महिना नसला म्हणून काय झाले? महिना देवळात आहे, तो सणांत आहे. हे खरे आहे, आणि आमच्या विवेचनाचा गाभाही तोच आहे. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून कांदा-वांगी-लसणाला चातुर्मासापुरता निरोप द्यायचा आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याला भरीत करून वांग्याला पुन्हा घरात घ्यायचे, ही रूढी पाळणारास वांग्याचा हंगाम वेगळा शिकवावा लागत नाही. नागपंचमीला चिरायचे नाही, तळायचे नाही, म्हणून उकडायचे. आणि उकडायचे ते हळदीच्या पानात, कारण हळदीचे झाड त्याच दिवसांत पानांनी भरलेले असते. पातोळीला जो सुवास असतो तो तांदळाचा नव्हे, गुळाचा नव्हे; तो पानाचा आहे. पान नसेल त्या महिन्यात पातोळी करणे हा व्यर्थ खटाटोप. ऋषिपंचमीची भाजी बैलाच्या श्रमावाचून उगवलेल्या जिनसांची. भोगीची भाजी म्हणजे तर पौषाचा बाजार एका पातेल्यात: वालपापडी, हरभऱ्याचे सोले, गाजर, वांगी, बोरे, तीळ. चैत्रगौरीला आंब्याची डाळ आणि पन्हे. सणांची ही माळ ज्यांनी गुंफली त्यांनी बाजारात फिरून ती गुंफली, याविषयी आम्हांस शंका नाही.

'रसचंद्रिके'चे श्रेष्ठत्व आम्ही येथेच मानतो. तिच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावातच घरगुती औषधे आणि हिंदू सण यांचा उल्लेख आहे. पदार्थ सणापासून तोडता येत नाही, हे त्या समाजातील स्त्रियांना ठाऊक होते. म्हणून एकाच बांधणीत त्यांनी दोन्ही बांधले. आम्हांस हवे आहे ते त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल: सण आणि पदार्थ एका पुस्तकात शेजारी ठेवणे पुरेसे नाही, दोहोंच्या मधला बाजार दाखवला पाहिजे.

तसे पाहिले तर हे पुस्तक एका रूपात अस्तित्वात आहेच. ते कागदावर नाही, लाकडी चौकटीवर आहे. गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. तिच्याहून चांगली पाकपुस्तकाची अनुक्रमणिका आम्ही पाहिली नाही. नारळ, सुपारीचा घड, केळ्यांचा घड, तवसे, आमाडे, निरफणस, महाळुंग हे ओळखीचे. त्यांच्या जोडीला कांगले, घागऱ्या, माट्टी, कवंडळे ही रानातली. काही खायची, काही औषधाची, काही नुसती शोभेची आणि काही तर खाऊ नयेत अशी. चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस पणजी, फोंडा, म्हापसा, मडगाव येथे माटोळीचा बाजार भरतो तेव्हा सत्तरी, सांगे, केपे, काणकोण येथल्या रानावनातले हे सारे शहरात उतरते. गोवा शासनाचे कला व संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते. शेकडो जिनसा टांगणारी घरे त्यात भाग घेतात. स्पर्धेविषयी आमचे मत संमिश्र आहे. नावे, उपयोग, वनस्पतींची ओळख या निमित्ताने टिकते हे चांगले. परंतु संख्येची चुरस लागली की रान ओरबाडले जाते, आणि ज्या वेलीचे एकच फळ घरी टांगायचे ती मुळासकट येते. उलट बाजूस शहरातील सदनिकांत माटोळीला सफरचंदे, परदेशी संत्री आणि क्वचित मेणाची वा प्लास्टिकची फळेही दिसू लागली आहेत. देवापुढे प्लास्टिकचे तवसे टांगणाराला आम्ही पाखंडी म्हणणार नाही; त्याला ते तवसे विसर्जनानंतर खायचे होते याचा विसर पडला आहे, एवढेच म्हणू. तवसाळी कशाची करणार?

खतखत्याकडे वळू, कारण या सबंध प्रश्नाची परीक्षा त्या एका पदार्थात होते. खतखते म्हणजे मिसळीची भाजी नव्हे. तूरडाळ, कणंग, सुरण, माडी यांसारखे कंद, कच्चे केळे, भोपळा, शेवगा, मक्याचे कणीस, नारळाचे वाटण, गूळ, सोले आणि तिरफळ. कंद आधी, कारण त्यांना वेळ लागतो. भोपळा शेवटी, नाहीतर त्याचा लगदा होतो. फोडणी नाही. तिरफळ वाटायचे नाही. बी काढून टाकायचे, साल ठेचून पाण्यात घालायची आणि ते पाणी उतरवण्याआधी सोडायचे. पावसाळ्यात तिरफळाचे हिरवे घोस बाजारात येतात, तेव्हा घेऊन वाळवले तर वर्षभर पुरतात. आता अलीकडच्या कित्येक कृती पाहा: गाजर, फरसबी, फ्लॉवर, मटार, बटाटा. खाली टीप असते की तिरफळ न मिळाल्यास वगळले तरी चालेल.

हा 'चालेल' शब्द आजच्या पाकलेखनाचा खरा नायक आहे. कोकम नसेल तर लिंबू चालेल, गूळ नसेल तर साखर चालेल, तायकिळा नसेल तर कोणतीही पालेभाजी चालेल. बदल करूच नये असे आम्ही म्हणत नाही. मुलूख सोडून शेकडो वर्षे दूर राहिलेला मराठी समाज बदलावरच जगला आहे. बडोद्याच्या बाजारात पौषात सुरती पापडी आणि कंद यांचे ढीग लागतात. भोगीच्या भाजीला तेथे पुण्याची वाट पाहत बसणे मूर्खपणाचे होईल. इंदूरच्या मराठी घरांनी पावसाळ्यात मक्याच्या कोवळ्या कणसाचा कीस आपलासा केला, हिवाळ्यात गराडू तळला. हैदराबादेस अंबाडी मुबलक. तिच्या आंबटपणाने किती मराठी आमट्यांना आधार दिला असेल! हे बदल स्थानिक ऋतूला शरण गेलेले आहेत, म्हणून ते सुंदर आहेत. एका ठिकाणचा महिना सोडून त्यांनी दुसऱ्या ठिकाणचा महिना धरला. फ्लॉवर-मटाराचे भाद्रपदातले खतखते मात्र कोणत्याच ठिकाणचा महिना धरीत नाही. आंबटाला आंबट, चिकटाला चिकट, कंदाला कंद असा गुणाला गुण जोडणारा बदल निराळा आणि दुकानात हाताला लागले ते घालणारा बदल निराळा. पुस्तकाने यांतला भेद सांगितला पाहिजे, तो सांगितला जात नाही.

आयुर्वेदाचे नाव घेऊन ऋतूचा पुकारा करणाऱ्या पुस्तिकांविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात आणि अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तिसऱ्यात ऋतुचर्या सांगितली आहे. वर्षाऋतूत अग्नी मंद असतो. जुने धान्य खावे, पाणी तापवून घ्यावे, थंड वाऱ्यापावसाच्या दिवसांत आम्ल, लवण आणि स्निग्ध यांचा आधार घ्यावा, असे तेथील सार. या पुस्तिका तेवढेच उतरवून घेतात आणि थांबतात. वाचणारीला प्रश्न पडतो तो भाजीचा. पुस्तिकेत रस आहेत, गुण आहेत, भाजीचे नाव नाही. कोकणच्या पावसाळ्यात आमाडे, बिमले, सोले यांनी आंबट केलेले जेवण त्या शास्त्रवचनाशी किती सहज जुळते, हे दाखवणे फार कठीण नव्हते. त्यासाठी बाजारात जावे मात्र लागले असते.

आणि सगळेच जुळते असेही नाही. येथे आमच्या वाचकांस एक विसंगती दाखवून देणे आम्ही टाळणार नाही. वैष्णव परंपरेतील चातुर्मास्य व्रतात पहिल्या महिन्यात शाक, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात द्विदल धान्य वर्ज्य मानतात. म्हणजे ज्या दिवसांत गोव्याची भूमी पाल्याने ओसंडते, नेमक्या त्याच दिवसांत व्रतस्थाने पाल्याकडे पाठ फिरवायची! याचे समर्थन पावसातल्या कीड-चिखलाकडे बोट दाखवून करता येईल, कोणी संयमाचे कारण देईल. आमचे म्हणणे इतकेच की, धर्माचा महिना आणि बाजाराचा महिना नेहमी एकाच सुरात बोलतात असे भाबडे चित्र रंगवू नये. एकाच गल्लीत एका घरी शाकव्रत असते आणि शेजारच्या घरी तायकिळ्याची पेंडी निवडली जात असते. दोन्ही घरे एकाच देवळाची महाजन असतात. चांगले पुस्तक दोन्ही घरांसाठी लिहिले जाईल. व्रत पाळणारीला त्या महिन्यात काय रांधता येते हाही पाककलेचा गंभीर प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर साबुदाण्यात नाही.

आता व्यवहाराकडे. शहरात बारमाही सर्व भाज्या मिळतात, मग ऋतू धरून बसण्याचे प्रयोजन काय, असे विचारणारा मूर्ख नसतो. गोव्याच्या पानावरची रोजची भाजी मुख्यतः बेळगावहून येते. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, गाजर, बटाटे यांचे ट्रक घाट उतरून येतात; गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर तीच भाजी सवलतीच्या दराने मिळते आणि मध्यम व गरीब कुटुंबांची ती मोठी सोय आहे. बेळगावच्या आमच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. त्यांच्या पहाटेच्या बाजाराचा कितीतरी भाग गोव्याच्या दिशेने निघतो. परंतु घाटात दरड कोसळली, रस्ता चार दिवस बंद राहिला, की पणजीत टोमॅटोचा भाव काय होतो तेही सर्वांनी पाहिले आहे. त्याच चार दिवसांत मार्केटच्या पायरीवर तेरे, तायकिळो आणि फागला पडून असतात, आणि गिऱ्हाईक त्यांच्यावरून नजर फिरवून टोमॅटोच्या भावावर चरफडत घरी जाते. विकत घेणाऱ्याला ती भाजी ठाऊक नाही. ठाऊक असली तर निवडायची कशी ते ठाऊक नाही. गिऱ्हाईक गेले की विकणारी दुसऱ्या वर्षी रानात जात नाही. तिच्या सुनेला ती पाने ओळखता येत नाहीत. या क्रमाने एक भाजी शहरातून जाते. तिला कोणी बंदी घातलेली नसते. वारुळावर उगवणाऱ्या अळम्यांचे उलटे झाले आहे. त्यांची लागवड होत नाही आणि मागणी अफाट. तेथे 'खाऊ नका, रानात राहू द्या' असे सांगण्याची पाळी आली आहे. तेव्हा ऋतूच्या नावाने सरसकट ओवाळणी करून भागत नाही. कोणती भाजी खाल्ल्याने टिकते आणि कोणती न खाल्ल्याने, हेही पुस्तकात असले पाहिजे.

श्रमाचा प्रश्नही डावलून चालणार नाही. ऋतूची भाजी म्हणजे बहुधा वेळखाऊ भाजी. अळू निवडा, किल्ल भिजवा, फणस फोडा, आठळ्या सोला. सकाळी आठला घर सोडणाऱ्या बाईला ऋतुचक्राचे गोडवे ऐकवणारे पुरुष आम्ही पुष्कळ पाहिले. त्यांतल्या किती जणांच्या बोटांना फणसाचा चीक लागला आहे, हे पाहण्याजोगे आहे. परंपरा टिकवण्याचा सारा भार एका जोडी हातांवर टाकून तिची महती गाणे अप्रामाणिक होय. पूर्वीच्या घरांत आठळ्या सोलायला चार माणसे ओटीवर बसत. कृती लिहिताना ती चार माणसेही जिनसांच्या यादीत धरलेली होती असे समजावे.

यात देवस्थानांचा वाटा येतो, आणि तो आमच्या वाचकांच्या हातातला आहे. महाप्रसाद हा शहरी मनुष्याचा जुन्या स्वयंपाकाशी उरलेला बहुधा शेवटचा नियमित संबंध. तेथे शेकडो पाने एकदम उठतात, आचारी सराईत असतो, भाजी निवडायला हात असतात, घरची अडचण तेथे नाही. असे असता कित्येक ठिकाणच्या पंगतीत श्रावणी सोमवारीही बटाटा, मटार, फ्लॉवर, आणि हल्ली पनीरही, हाच बेत का असावा? स्वस्त पडते, सर्वांना आवडते, आचाऱ्याला सोपे जाते ही कारणे आम्हांस ठाऊक आहेत. लग्नाच्या जेवणास ती पुरतील. नैवेद्याला त्या महिन्याचे, त्या भूमीचे अन्न असावे हा संकेत ज्या ठिकाणी जिवंत राहायचा तेथेच तो ठेकेदाराच्या सोयीला बळी पडावा, हे आम्हांस खटकते. ज्या देवळांत आजही खतखते कंदांनी होते, मुगागाठी होतात, मणगणे नारळाच्या रसात होते, तेथल्या व्यवस्थापकांनी आपल्या आचाऱ्याचे ज्ञान निदान एका वहीत उतरवून ठेवावे.

दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली 'ऋतुचक्र' लिहिले तेव्हा बारा महिन्यांना बारा चेहरे दिले; आणि त्याच दुर्गाबाईंनी पुढे 'खमंग' लिहून स्वयंपाकघराचाही मान राखला. एकाच लेखिकेच्या हातून झालेली ही दोन पुस्तके आमच्या कपाटात शेजारी उभी आहेत, आणि आम्हांस हवे असलेले तिसरे पुस्तक त्या दोहोंच्या फटीत कोठेतरी आहे. ते चैत्रापासून फाल्गुनापर्यंत लिहिलेले असावे. प्रत्येक महिन्याच्या आरंभी बाजाराचे एक पान असावे: काय नवे आले, काय आठवडाभरात जाणार, काय साठवून ठेवायचे. भाजीची मराठी आणि कोंकणी दोन्ही नावे असावीत, कारण टाकळा मागणाऱ्याला म्हापशात तायकिळो दिसत नाही आणि फागला शोधणारी घाटावर करटोलीवरून पुढे निघून जाते. मापे ग्रॅमात असोत, वाटीत असोत. पण पेंडी किती माणसांना पुरते आणि वांटा किती, हेही असावे. 'चालेल' हा शब्द वापरण्यापूर्वी लेखिकेने कारण द्यावे. आणि जिथे भाजीवालीच्या तोंडून कृती मिळाली असेल तिथे तसे लिहावे, तिच्या गावाच्या नावासह.

असे पुस्तक घरात बसून लिहिता येणार नाही. निदान एक वर्षाचे बाराही बाजार पाहावे लागतील, आणि ज्याला आरंभ करायचा असेल त्याने पावसाळा गाठावा, कारण सर्वांत जास्त नावे त्याच चार महिन्यांत हरवत आहेत.